मोटरचे बोल्ट काढायच्या आधी काचेला टेप

पिकअपच्या दाराची काच वरखाली करणारी मोटर बदलायची असेल तर हे वाचा. दहा नंबरचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड हे पिकअप बाळगणाऱ्या कुणाकडेही असतं, त्यावर वेळ घालवत नाही. टेप आहे का ते सांगा. मास्किंग टेप, दोन इंची, पेंटर लोक गाडीला लावतात ती. नसेल तर आज मोटर काढू नका, बाजारात जाऊन घेऊन या आणि मग पुढचं वाचा.

गेल्या वर्षी मे अखेरीची गोष्ट. मिरगाच्या आधी ड्रायव्हर साईडची काच चालू व्हायलाच पाहिजे म्हणून सकाळीच गाडी खळ्यात घेतली (माडाखाली लावू नका, हे आपल्याकडे सांगायला नकोच). डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं कव्हर, उतरवलं, मोटरचे तीन बोल्ट, पहिला, दुसरा, तिसरा हातात आला आणि काच सुर्रकन खाली. तिरकी झाली, आतल्या पत्र्यावर आपटली आणि संपली. दाराची काच टफन्ड असते, तिला नुसता तडा वगैरे जात नाही, साबुदाण्याचं पोतं फाटल्यासारखी सगळी एकदम सांडते. आवाज ऐकून काका पडवीतून बाहेर आले, दाराकडे बघितलं आणि म्हणाले, "काच खंय गेली रे?" मग दाराला प्लास्टिक बांधून भर पावसात घाट चढून कोल्हापूरला नवीन काच आणायला गेलो, सगळा रस्ता ते प्लास्टिक कानाशी फडफडत होतं. आजही सीटच्या फटीतून एखादा दाणा निघतो.

कारण काही गूढ नाही. मोटरच्या तोंडाशी वर्म गियर असतो, मोटर बंद असताना काच जिथल्या तिथे राहते ती त्या गियरमुळे. मोटर निघाली की काचेला धरणारं कोणीच उरत नाही. म्हणून आधी टेप, मग बोल्ट. काच पूर्ण वर, टेप काचेच्या बाहेरून घेऊन दाराच्या फ्रेमवरून आत, किमान तीन पट्ट्या, एक नाही. आणि त्याआधी काच कोरड्या फडक्याने पुसून घ्या, आपल्याकडची दमट खारी हवा आणि वर लाल धूळ, टेप लागल्यासारखी वाटते आणि दहा मिनिटांत सुटते. खाली रबराच्या फटीत दोन्हीकडून लाकडाची पाचर मारलीत तर अजून बरं. पण पाचर आहे म्हणून टेप नको असं करू नका.

काच अर्ध्यात अडकली असेल तर मोटरच्या कपलरला (वायरीचा प्लग) बॅटरीतून थेट दोन वायरी देऊन बघा, उलटी फिरली तर वायरी बदला. तरी नाही हलली तर कोणाला तरी स्विच दाबायला सांगून मोटरवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका, आतले ब्रश अडकलेले असतील तर शेवटची एकदा वर येऊन जाते. तेही नाही झालं तर शेजारच्या कुणाला तरी दोन्ही हातांनी काच धरायला उभं करा, बोल्ट ढिले करून काच वर ओढा. आणि लगेच टेप.

खरं तर हे सगळं करायच्या आधी मोटरच गेलीये का ते बघायचं होतं, उलट क्रमाने सांगतोय, पण काय करू, डोक्यात टेपच बसलीये. फ्यूज बघा. खूपदा वरखाली केली की मोटर गरम होऊन स्वतःच बंद पडते, थोडा वेळ थांबून परत दाबा. कपलर उघडा, हिरवट थर असेल तर तो खाऱ्या वाऱ्याचा प्रताप, घासून काढा. दार आणि बॉडीच्या मधल्या घडीच्या रबरात वायरी वाकून वाकून आतल्या आत तुटतात, तिथे हात घालून ओढून बघा. आणि मीटरवर विश्वास ठेवू नका, कुजक्या वायरीतूनही मीटर १२ व्होल्ट दाखवतो आणि आपण चांगली मोटर बदलतो. त्यापेक्षा कपलरला इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावून स्विच दाबा. बल्ब झकास पेटला आणि मोटर गप्प, तर मोटर गेली. मिणमिणला तर वायर किंवा स्विच. नवीन आणायला जाताना जुनी मोटर पिशवीत घालून न्या, डावी-उजवी वेगळी असते आणि दुकानदार "हीच लागते" म्हणून कुठलीही देतो. म्हणजे जुनी आधी काढावी लागेल. म्हणजे टेप दोन दिवस टिकली पाहिजे. म्हणून तीन पट्ट्या.

एक धोक्याचं. तुमचा लिफ्टर, म्हणजे मोटरच्या जोरावर काच उचलणारा सांगाडा, केबलचा नसून कात्रीसारख्या पट्ट्यांचा असेल तर त्यात गुंडाळलेली जाड स्प्रिंग असते. मोटर सुटली की दातेरी पातं त्या जोराने फटकन फिरतं आणि बोट मध्ये असेल तर बोट जातं. ते पातं आणि मागची प्लेट सी क्लॅम्पने घट्ट आवळून मगच बोल्टला हात लावा. इथे नुसत्या टेपचा उपयोग नाही.

पॅडच्या मागचं प्लास्टिक फाडू नका, सावकाश सोडवा, परत चिकटवायचंय. ते नसेल तर जूनमध्ये पायाखालची मॅट भिजते आणि दिवाळीपर्यंत वास येतो. दाराच्या तळाची भोकं मातीने बुजलेली असतात, माडाचा एक हीर घालून मोकळी करा.

बाकी बसवाबसवी. मोटर लावा, बोल्ट आवळा, क्लॅम्प काढा, रबरात सिलिकॉन स्प्रे, तेल नको. पॅड लावायच्या आधी चालवून बघा. दोन-तीन क्लिपा तुटणारच, जास्तीच्या आणून ठेवा. टेप बोल्ट आवळल्यावरच काढायची, आधी नाही, आणि उन्हात राहून गोंद काचेवर बसला तर रॉकेलच्या फडक्याने निघतो.