कोपरापासून सुरुवात करा

टॅबलेटवर माणसांची चित्रं काढायला शिकताना पहिले सहा महिने मी स्नायूंची नावं घोकली. बायसेप्स, डेल्टॉइड, सगळं तोंडपाठ, आणि हात काढायला घेतला की रबरी नळी तयार. कारण आतली हाडं कुठे, कशी वळतात याचा पत्ताच नव्हता. मोठ्या माणसाच्या शरीरात 206 हाडं असतात. आपल्याला सुरुवातीला त्यातली कातडीखाली बोटाला लागतील तेवढी पुरतात.

तेव्हा स्टायलस, म्हणजे टॅबलेटचं पेन, खाली ठेवा. उजवा हात पुढे करा, तळवा वर. डाव्या हाताचं बोट कोपराच्या टोकावर टेकवा आणि करंगळीच्या बाजूने मनगटापर्यंत चाचपत न्या. एक कडक धार सलग लागेल. ते अल्ना हाड. आता तळवा हळूहळू खाली वळवा. अल्ना कोपराशी जागच्या जागी राहतं, अंगठ्याच्या बाजूचं रेडियस मात्र त्याच्यावरून तिरकं जातं. तळवा वर असताना दोन्ही हाडं जवळजवळ समांतर, तळवा खाली गेला की त्यांची फुली. त्याबरोबर कोपर ते मनगट हा सगळा भागच पिळला जातो. मी इतके दिवस हात तोच ठेवून पुढे नुसता पंजा उलटा चिकटवत होते!

खांद्याचंही तसंच. हात सरळ डोक्यावर नेताना जे साधारण 180 अंश होतात, त्यातले 60च्या आसपास पाठीवरचं खांद्याचं पातं फिरल्यामुळे मिळतात. त्यासोबत कॉलरबोनचं, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाचं, बाहेरचं टोक वर उचललं जातं. ती रेघ आडवीच ठेवलीत तर हात टाचणीने टोचल्यासारखा दिसतो.

रोजचा सराव असा: 30 सेकंदांच्या दहा पोझ काढायच्या, 2 मिनिटांच्या पाच, शेवटी 20 मिनिटांची एकच. छोट्या पोझमध्ये फक्त भार कुठल्या पायावर आहे ते पकडा. एका पायावर रेलून उभ्या माणसाचं त्या बाजूचं कंबरेचं हाड वर जातं आणि बहुतेक वेळा त्याच बाजूचा खांदा खाली येतो. अंडूला (undo, काढलेली रेघ मागे घेणं) हात लावायचा नाही. मला ते जमेना, म्हणून पेनच्या बटणावरून तो शॉर्टकटच काढून टाकला. झूमही नको, नाहीतर नखं रंगवत बसाल आणि पाय कॅनव्हासबाहेर जातील.

फोटो ट्रेस करायला हरकत नाही, पण स्वतः काढून झाल्यावर. फोटो खालच्या लेयरवर (थरावर), आपलं चित्र त्यावर 30 टक्के ओपॅसिटीला, म्हणजे आरपार दिसेल इतकं फिकं, आणि चुकेल तिथे लाल रेघ. माझ्या लाल रेघा तीन आठवडे त्याच दोन जागी पडत होत्या: डोकं मोठं, पंजे चिमुकले. मनगटाचा शेवट हनुवटीवर टेकवून तळवा चेहऱ्यावर ठेवून बघा, बोटं केसांच्या रेषेच्या आसपास पोचतात. पूर्ण उंची साधारण डोक्याच्या साडेसात पट धरा.

पावलं सगळ्यात शेवटी, पण घोटे तेवढे आजच चाचपा. आतला वर असतो, बाहेरचा खाली. हे कळल्यावर मी जुन्या फायली उघडल्या. निम्म्या चित्रांत दोन्ही घोटे एका रेषेत होते, आणि उरलेल्या निम्म्यांत मी पायांसमोर गवत काढून ठेवलं होतं.