थंडीत पिवळा न पडणारा मका: रोपावस्थेतली निवड कशी करायची

मका मुळात उष्ण भागातला गडी. जमिनीचं तापमान १० अंशांच्या खाली गेलं की उगवण जवळपास थांबते, आणि उगवलाच तर पिवळा पडून नुसता बसून राहतो. पंजाबातला वसंत मका जानेवारीअखेर-फेब्रुवारीत पेरतात तो यात सापडतो, बिहारचा रब्बी मका डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सापडतो, आणि आपल्याकडे निफाडच्या बाजूला उशिरा पेरलात तरी तेच.

पहिलं म्हणजे नक्की कशासाठी निवड करायची ते ठरवा. गार ओल्या मातीतून उगवणं वेगळं आणि उगवल्यावर हिरवं राहून वाढणं वेगळं, एकात भारी असलेली लाइन (स्वपरागणानं स्थिर केलेला वाण) दुसऱ्यात भारी असेलच असं नाही. तिसऱ्या पानाच्या आसपास बियातला साठा संपतो आणि रोप स्वतःच्या पानांवर जगायला लागतं, खरी परीक्षा तिथे असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच लोक टाळतात. तपासायच्या सगळ्या लाइनचं बी एकाच हंगामात, एकाच प्लॉटवर तयार करा, सारखं वाळवा, दाण्याचा आकारही साधारण सारखा घ्या. नाहीतर एकीचं बी ताजं, दुसरीचं दोन वर्षं गोदामात पडलेलं, मग तुम्ही निवडताय ते बियाणं, जनुकं नाहीत! मादी कोण यानेही उगवणीत फरक पडतो, म्हणून जमेल तिथे क्रॉस (संकर) उलटसुलट दोन्ही करून बघा, म्हणजे एकदा ही लाइन मादी, एकदा ती.

उगवणीसाठी साधी कोल्ड टेस्ट पुरते: मक्याच्या शेतातली माती ट्रेमध्ये घ्या (निर्जंतुक करू नका, कुजवणारी बुरशी असायलाच हवी), बी टोकून पाणी द्या, ७ दिवस १० अंशांवर ठेवा आणि मग २५ अंशांवर हलवून उगवलेली रोपं मोजा. बीओडी इन्क्युबेटरमध्ये (तापमान नेमकं ठेवणारं प्रयोगशाळेतलं कपाट) आरामात होतं.

पानांसाठी मात्र ग्रोथ चेंबर (तापमान आणि उजेड दोन्ही ठरवता येणारी खोली) लागतो, दिवसा १४ आणि रात्री ८ अंश असं काहीतरी, आणि लाइट दणदणीत हवा. कमी उजेडात सगळ्याच लाइन बऱ्या दिसतात, कारण पानाचं खरं नुकसान थंडी आणि ऊन एकत्र आल्यावर होतं. रंगाला १ ते ९ गुण द्या, क्लोरोफिल मीटर असेल तर तिसऱ्या पानाचं रीडिंग, आणि शेवटी रोपं कापून सुकं वजन. जांभळी दिसली म्हणून लगेच बाद करू नका, काही लाइन जात्याच जांभळ्या असतात, वजन बघा. शेतातल्या ट्रायलमध्ये एका सकाळी पानं करपलेली दिसली तरी थांबा, सहाव्या पानापर्यंत वाढीचा कोंब जमिनीखालीच असतो, आठवड्यानं परत गुण द्या.

दाते, म्हणजे थंडी सोसायचा गुण देणाऱ्या लाइन, कुठून आणायचे? युरोपातले फ्लिंट (कडक, गोल दाण्याचे) मके यासाठी जुने प्रसिद्ध, फ्रान्सच्या लाकोन भागातून काढलेल्या एफ२ आणि एफ७ लाइन घ्या, त्यांचा अमेरिकन डेंटशी (दाण्याच्या माथ्यावर खळगा असलेला मका) संकर झाला म्हणून तर उत्तर युरोपात मका पसरला. परदेशी बी एनबीपीजीआर या राष्ट्रीय वनस्पती जनुक संस्थेमार्फत क्वारंटाइन होऊनच येतं, तेवढा वेळ धरून चला. पण या लाइन लवकर फुलोऱ्यात येतात, आपल्याकडे झाड बुटकं आणि कणीस लहान राहतं, म्हणून आलेल्या संकराचा एकदा-दोनदा आपल्या चांगल्या लाइनशी बॅकक्रॉस (परत संकर) कराच.

हा गुण एका जनुकाचा नाही, बरेच छोटे छोटे मिळून बनतो. त्यामुळे एका क्रॉसमधून जादू होत नाही. शंभरेक झाडं सेल्फ करून (स्वतःच्याच परागानं फळवून) एस१ कुटुंबं, म्हणजे प्रत्येक झाडाची पहिली पिढी, काढा, थंडीत तपासा, वरची १०-१५ ठेवून त्यांचे आपसात क्रॉस लावा, परत तेच चक्र. दर चक्रात मूळ पॉप्युलेशन चेक म्हणून (तुलनेसाठी) शेजारी लावा, नाहीतर पुढे सरकलोय की जागच्या जागी आहोत कळत नाही. आणि टेस्टरशी (संकरात कशा उतरतात ते तपासायची ठरलेली लाइन) क्रॉस करून नेहमीच्या तारखेला पेरून उत्पन्नही बघा, थंडीत हिरवा पण दाणे कमी असा हायब्रिड कुणी विकत घेणार नाही.