संकेतस्थळावरच्या दहा मिनिटांच्या उपक्रमातून विज्ञानाचा तास कसा घ्यावा

सहावीच्या मुलांना स्थितिक विद्युत बल, म्हणजे घासल्यामुळे विद्युत प्रभार आलेल्या वस्तूचे ओढणारे किंवा ढकलणारे बल, शिकवायचे आहे, असे समजू. एवढा एक धडा नीट बसवला की पुढच्या धड्यांची तयारी बरीच सोपी जाते.

प्रथम उपक्रम, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर माऊसने करून पाहायचा प्रयोग, निवडावा. तो एकाच प्रश्नाचे उत्तर देणारा असावा. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘फेट’ या कोलोरॅडो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असे उपक्रम विनामूल्य मिळतात आणि त्यांतले अनेक मराठीतही आहेत. आपल्या धड्यासाठी तेथील फुगा आणि स्वेटरचा उपक्रम घ्यावा. फुगा स्वेटरवर घासला की ऋण प्रभार स्वेटरवरून फुग्यावर जातात, आणि तोच फुगा भिंतीजवळ नेला की भिंतीतले ऋण प्रभार किंचित मागे सरकतात, हे त्यात डोळ्यांना दिसते.

उपक्रमाची फाइल आदल्या दिवशीच उतरवून पेनड्राइव्हवर घ्यावी. ती इंटरनेटशिवाय संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडते. आपल्याकडे आभाळ भरून आले की आधी लाईट जाते आणि पाठोपाठ रेंज, म्हणून लॅपटॉपही पूर्ण चार्ज करून न्यावा. ही खबरदारी न घेतल्यामुळे एकदा माझा अर्धा तास पडद्यावर फिरणारे चक्र पाहण्यात गेला होता.

वर्गात पडदा लगेच उघडू नये. आधी फुगा दाखवून ‘हा घासून भिंतीला लावला तर काय होईल?’ असे विचारावे आणि प्रत्येकाला आपला अंदाज कारणासह वहीत लिहायला लावावे. उपक्रम उघडल्यावर प्रभार लपवण्याचा पर्याय निवडून फुगा हलवावा. मुले ‘चिकटला, चिकटला’ म्हणून ओरडतील, ‘का चिकटला?’ या प्रश्नावर वर्ग गप्प झाला, की मगच प्रभार दाखवावेत. ते सुरुवातीलाच दाखवले तर मुले विचार करायचे सोडून केवळ ठिपके मोजत बसतात. माऊस मुलांच्या हाती द्यावा आणि स्वतः मागच्या बाकाजवळ उभे राहावे. एवढ्याला दहा मिनिटे पुरतात.

त्यानंतर खरा फुगा. स्वेटर नसेल तर एखाद्याच्या घरची घोंगडी आणायला सांगावी. लोकर ती लोकरच. केसांवर घासायचा असेल तर तेल न लावलेले डोके शोधावे, आणि शाळेत सकाळी ते सहजासहजी सापडत नाही. फुगा भिंतीला किती सेकंद चिकटून राहतो, हे मोजावे.

येथे एक अडचण हमखास येते. पडद्यावरचा फुगा बारा महिने चिकटतो. ऑगस्टच्या दमट हवेत खऱ्या फुग्यावरचा प्रभार मात्र लवकर निघून जातो आणि फुगा घसरून खाली पडतो. काही शिक्षक अशा वेळी प्रयोग फसला म्हणून तो गुंडाळतात, पण माझ्या मते धड्याचा सर्वांत चांगला भाग येथूनच सुरू होतो, कारण ‘संगणकातल्या खोलीत काय नाही?’ हा प्रश्न मुलांपुढे आपोआप येतो. त्या दिवशीचे सेकंद तारखेसह वहीत लिहून ठेवावेत, संक्रांतीच्या सुमारास कोरड्या हवेत तोच फुगा त्याच घोंगडीवर पुन्हा घासावा आणि नवे आकडे जुन्यांच्या शेजारी लिहायला लावावेत.