आधी दावा, मग दुवा: ऑनलाइन वादात या चुका टाळा

राजकारण असो, तंत्रज्ञान असो की विज्ञान, ऑनलाइन वाद माहितीच्या अभावी क्वचितच फसतो. दोघं दोन वेगळ्या दाव्यांवर भांडत असतात आणि पन्नास प्रतिसाद झाले तरी ते कुणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून दुवे शोधायला धावण्याआधी आपल्याला नेमकं काय म्हणायचंय ते एका वाक्यात लिहून काढावं.

दावा न ठरवताच पुरावे फेकणं

'अणुऊर्जा वाईट' यावर वाद घालताच येत नाही. ती धोकादायक आहे? महाग आहे? प्रकल्प उभा राहायला फार वर्षं लागतात? की कचऱ्याची सोय नाही? प्रत्येकाचा पुरावा निराळा. खर्चाच्या मुद्द्यावर अपघातांची आकडेवारी आणली की गाडी रुळावरून घसरलीच.

राजकीय वादात 'काय घडलं' आणि 'काय घडायला हवं' यांची सरमिसळ होते. करवाढीनंतर महसूल वाढला का, हे आकडे सांगतात. कर कुणावर बसवावा, हे नुसत्या आकड्यांनी ठरत नाही. तिथे आपण न्याय-अन्यायाबद्दल बोलतोय हे सरळ कबूल करावं. आकड्यांचा आडोसा घेऊ नये.

मूळ आकडा न देता टक्केवारी देणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाबद्दल निष्कर्ष दिला: रोज ५० ग्रॅम खाण्यामागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. याचा अर्थ शंभरातल्या १८ जणांना कर्करोग होतो असा अजिबात नाही. समजा मूळ धोका शंभरात ५ आहे. ५ च्या १८ टक्के म्हणजे ०.९, म्हणून नवा धोका ५.९. शंभर माणसांत साधारण एक जण जास्त.

त्याच निष्कर्षातून दुसरी गफलत निघाली. संस्थेच्या वर्गवारीत हे मांस पहिल्या गटात, तंबाखूही पहिल्या गटात, म्हणून दोन्ही सारखेच घातक! वडाची साल पिंपळाला लावण्याचा हा प्रकार. तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो. धोका किती मोठा आहे, ते सांगत नाही.

बेरोजगारी ४ टक्क्यांवरून ६ वर गेली, तर एक जण '२ ने वाढली' म्हणतो, दुसरा '५० टक्के वाढली'. दोघांचाही हिशेब बरोबर. थेट '४ वरून ६' लिहावं, म्हणजे शब्दांचा कीस पाडायला जागा उरत नाही. जनमत चाचणीचंही तेच. हजार जणांच्या यादृच्छिक नमुन्यात प्रत्येक पक्षाचा टक्क्यांतला आकडा साधारण ३ ने इकडेतिकडे होऊ शकतो आणि दोन पक्षांमधल्या अंतरातली चूक त्याच्या जवळपास दुप्पट असते. त्यामुळे ४६ विरुद्ध ४३ वर छातीठोक बोलू नये.

एकच शोधनिबंध ब्रह्मास्त्र समजणं

जुलै २०२३ मध्ये 'एलके-९९' हा पदार्थ सामान्य तापमानाला अतिवाहक (म्हणजे वीज अजिबात रोध न होता वाहून नेणारा) असल्याचा दावा तज्ज्ञ-समीक्षा न झालेल्या मसुद्यातून आला. ऑगस्टमध्येच इतर प्रयोगशाळांनी दाखवलं, की विद्युतरोधातली ती अचानक घसरण कॉपर सल्फाइडच्या अशुद्धीमुळे होती. लस आणि स्वमग्नता जोडणारा, १२ मुलांवर आधारलेला १९९८ चा 'लॅन्सेट'मधला निबंध नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, तरी तो अजून पुरावा म्हणून फिरतो.

दुवा टाकण्याआधी निबंधाचं मूळ पान उघडा. समीक्षा झाली आहे का? मागे घेतल्याची सूचना आहे का? प्रयोग माणसांवर, उंदरांवर की काचेच्या बशीतल्या पेशींवर? एवढं पाहायला पाच मिनिटं पुरतात, आणि निम्मे दुवे टाकावेसे वाटत नाहीत.

'माझ्याकडे तर नीट चालतं'

तंत्रज्ञानाच्या वादात आवृत्ती क्रमांक, प्रोसेसर, मेमरी आणि नेमकं काम न सांगता केलेली तुलना निरुपयोगी. वेगाची तुलना करताना एक प्रोग्रॅम डीबग बिल्डमध्ये (चुका शोधण्यासाठीच्या रूपात) आणि दुसरा रिलीजमध्ये (वापरकर्त्यांना देण्याच्या रूपात) चालवला, तर पहिला हरणारच. डीबगमध्ये सहसा ऑप्टिमायझेशन, म्हणजे वेग वाढवणारे बदल, बंद असतं. पहिली फेरी सोडून द्या, कारण तेव्हा कॅशे (पुन्हा लागणारी माहिती हाताशी ठेवणारी जलद मेमरी) रिकामी असते. मग निदान पाच फेऱ्या घेऊन मधला आकडा सांगा.

वाद अडकला तर

समोरच्याने एका दमात दहा मुद्दे टाकले, तर दहाही खोडत बसू नका. विचारा: 'यातला तुमचा सर्वात भक्कम मुद्दा कोणता? तो चुकीचा निघाला तर मत बदलेल का?' उत्तर 'नाही' असेल, तर गप्प वाचणाऱ्यांसाठी एकच नीट प्रतिसाद लिहून थांबा.

कुणाचं वाक्य उद्धृत करताना मागचं-पुढचं वाक्यही घ्या. बातमीचा दुवा देताना जतन केलेल्या प्रतीचाही द्या. मूळ पान बदलतं किंवा उडतं. आपली चूक सापडली तर जुना मजकूर गुपचूप बदलू नका, नाहीतर खालचे सगळे प्रतिसाद निराधार दिसतात. मूळ वाक्य तसंच ठेवून त्याखाली 'दुरुस्ती' असं लिहून बरोबर आकडा द्या.