वाळूच्या टेकड्यांवरची झुडपं मोजताय? या चुका टाळा

दिवाळी आटोपली की आमच्या अकोला, दर्यापूर, अचलपूर भागातल्या कॉलेजांच्या बॉटनीच्या सहली कोकणाकडे निघतात. समुद्र बहुतेक पोरांनी पहिल्यांदाच पाहिलेला असतो, त्यामुळे पहिला दिवस फोटोत जातो. ते समजू शकतं. पण परत आल्यावर ज्या वह्या तपासायला येतात, त्यात दरसाल त्याच चुका असतात. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

झुडूप खुजं दिसलं की बकरीला दोष देणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. शिरोड्याच्या किनाऱ्यावर एका गटाने वनजाईच्या झुडपांची उंची मोजली. समुद्राकडची झुडपं गुडघ्याएवढी, आत जावं तसतशी कमरेला लागणारी. आकडे चोख घेतले होते. खाली निष्कर्ष: ‘अतिचराईमुळे झुडपे खुजी.’

‘काहून रे बाबू, चराई कशावरून?’

‘सर, आमच्या ई-क्लासच्या चराऊ जमिनीवरच्या बोरी अशाच हायेत. बकऱ्यायनं खाल्लेल्या.’

मी म्हटलं, लेंड्या दाखव. गटाने तो पट्टा पालथा घातला, एक लेंडी मिळाली नाही. गुरं तिथेही चरतात, नाही असं नाही. पण खाल्लेलं झुडूप चहूबाजूंनी खाल्लेलं असतं आणि त्याचे शेंडे फाटलेले दिसतात. इथे तसं नव्हतं. समुद्राकडच्या काड्या वाळून काळ्या पडलेल्या, जमिनीकडची बाजू हिरवीगार, आणि झुडपाचा माथा समुद्राकडून आत चढत गेलेला. हे काम खाऱ्या तुषारांचं. लाटा फुटतात तिथून मिठाचे बारीक थेंब वाऱ्यावर येतात, समोरच्या कोवळ्या पानांवर आणि कळ्यांवर बसतात आणि त्यांना जाळतात. आडोशाच्या कळ्या तेवढ्या वाचतात, म्हणून झुडूप तिरपं वाढतं.

हे सांगितलं की दुसरा हुशार उठतो: ‘म्हणजे जमीन खारी आहे.’ हा पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला असतो, हे न विचारता ओळखावं. त्याच्या गावी मीठ जमिनीत आणि विहिरीच्या पाण्यात आहे, म्हणून त्याला सगळीकडे ते खालूनच येतंय असं वाटतं. टेकडीची वाळू भरड असते, पावसाचं पाणी तिच्यातून सरळ खाली जातं आणि मीठ धुऊन नेतं. टेकडीवर मीठ येतं ते मुख्यतः हवेतून. ऊस्टिंग आणि बिलिंग्ज या दोघांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर हेच तपासून १९४२ साली मांडलं. समुद्राच्या तोंडावर कोणती झाडं टिकतात आणि आडोशाला कोणती, याचा संबंध त्यांनी हवेतल्या मिठाशी लावला.

पटत नसेल तर मी प्रयोगशाळेतून सिल्व्हर नायट्रेटची छोटी बाटली नेतो. पाण्यात मीठ असलं की त्याच्या थेंबाने ते पांढरं होतं. समुद्राकडचं एक पान आणि आडोशाचं एक पान वेगवेगळ्या डिस्टिल्ड पाण्यात धुवायचं आणि दोन्हीत थेंब टाकायचा. कुठलं पाणी जास्त पांढरं होतं ते पोरं स्वतः बघतात. नळाचं पाणी वापरू नका, ते पान न धुताही थेंबाने पांढरं होतं. बाटली नसेल तर तासभर किनाऱ्यावर फिरा आणि चष्म्याच्या काचेवरून बोट फिरवून जिभेला लावा.

मर्यादवेल ‘नग’ म्हणून मोजणं

मर्यादवेल म्हणजे वाळूवर पसरणारी वेल. मोजणीची चौकट वाळूवर टाकली की पोरं आत दिसणारा तिचा प्रत्येक झुपका एक झाड धरतात. एका जोडीने अशी घनता काढली की ती खरी असती तर किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा उरली नसती. त्यांना वेल बोटाने धरून मागे मागे जायला लावलं. पहिल्या चौकटीतला वेल दुसरीतून जाऊन तिसरीत निघाला! मर्यादवेल पेऱ्यापेऱ्याला मुळं सोडते. वर वाळू साचली की गाडली गेलेली पेरं मुळं धरतात आणि शेंडा पुन्हा वर येतो. त्यातूनच वाळू अडते आणि टेकडी उभी राहते. स्पिनिफेक्स गवताचंही तेच. बांधावरच्या हरळीची झाडं कोणी मोजतं का?

इथे संख्या सोडा, आच्छादन लिहा: चौकटीच्या किती टक्के जागेवर पानं आहेत. मी एक मीटरच्या चौकटीत सुतळीने शंभर घरं पाडून नेतो आणि भरलेली घरं मोजतो. कंटाळवाणं आहे. ‘सर, अंदाजे लिहू का’ म्हणणाऱ्याला मी सुतळी धरून उभं करतो. खोड वेगळं ओळखू येतं अशी झुडपं मात्र खुशाल मोजा, फक्त चौकट पाच मीटरची घ्या.

बाकीच्या, थोडक्यात

जिच्या कडेने नोंदी घ्यायच्या ती दोरी किनाऱ्याला समांतर लावू नका. चालायला सोपं जातं, पण सगळीकडे तेच ते सापडतं. समुद्रापासून आत, काटकोनात जा.

आज वाळू जिथवर ओली आहे तो अंतर मोजायचा शून्य बिंदू नव्हे. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला बरीच वर चढते. उधाणाने टाकलेल्या कचऱ्याची ओळ शोधा, तिथून मोजा.

मर्यादवेलीला आपट्याचं रोप म्हणू नका, पान तेवढं सारखं आहे. ‘बेशरम’ म्हणणारा चुकतो, पण कमी चुकतो. दोन्ही आयपोमिया या एकाच वंशातल्या आहेत.

सुरूचं बन ही तिथली नैसर्गिक वनश्री नव्हे, लागवड आहे. तक्त्यात ते वेगळं दाखवा.

सीनियरची वही उतरवू नका. एका वहीत कोकणच्या किनाऱ्यावर ॲमोफिला गवत आणि कॅल्युना झुडूप निघालं! ॲमोफिला युरोपच्या टेकड्यांवर वाळू धरतं. आपल्याकडे ते काम स्पिनिफेक्स करतं. कॅल्युना तिकडच्या जुन्या टेकड्यांवर येतं, शिंपल्यांचा चुना धुऊन जाऊन वाळू आम्लधर्मी झाली की मग. मूळ वही कोणाची ते शोधायला गेलो, तर ती ज्याची होती तो आता मास्तर झालाय.

मोबाइलच्या ॲपने सुचवलेलं नाव पेन्सिलने लिहा. फूल आणि फळ हातात आल्याशिवाय पेन काढू नका.

उपटून आणू नका. वाळूच्या टेकड्या किनारा नियमन क्षेत्राच्या सर्वांत कडक वर्गात मोडतात, आणि नमुन्याला फुलासकट एक फांदी पुरते.

आपल्याकडे उन्हाळ्यात नमुना दोन दिवसांत कडक वाळतो, म्हणून पोरं तिथेही नमुने दाबायची प्रेस बांधून विसरतात. सेसुव्हियमसारख्या किनारी वनस्पतींची मांसल पानं त्या दमट हवेत आत कुजतात आणि गाठोडं उघडलं की बुरशी. असा नमुना आधी उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवा, मग दाबा, आणि पेपर सकाळ-संध्याकाळ बदला. पेपराची रद्दी घरूनच न्या, मुक्कामी पुरेशी मिळत नाही.