पोरांना स्थायू-द्रव-वायू शिकवायचंय? मग गंजात (पातेल्यात) बर्फ घ्या

सुट्टीत भाची नागपूरला आली की आमचं हे सगळं किचनमध्येच चालतं, आणि मला मनापासून वाटतं की "स्थायूला ठराविक आकार असतो" हे घोकायच्या आधी प्रत्येक पोराने एकदा तरी बर्फ वितळताना थर्मामीटर धरून बघायलाच पाहिजे.

थर्मामीटर तापाचा चालत नाही हां, तो 35 ते 42 एवढंच दाखवतो. लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानात उणे 10 ते 110 वाला मागा, लाल द्रवाचा, पाऱ्याचा नको कारण फुटला तर घरात पारा सांडतो.

आता बर्फ बारीक कुटून स्टीलच्या गंजात टाका, थोडं थंड पाणी घाला, थर्मामीटर बुडाला टेकू देऊ नका. शून्याच्या आसपास आला की गॅस एकदम बारीक करून गंज वर ठेवा आणि सतत ढवळत राहा, ढवळलं नाही तर खालचं पाणी गरम होतं, वर बर्फ तसाच राहतो आणि आकडे चुकतात. दर मिनिटाला पोराला आकडा वहीत लिहायला लावा. खाली गॅस चालू आहे तरी आकडा शून्यापाशीच अडून बसतो, भाची पहिल्यांदा म्हणाली "मामा, थर्मामीटर बिघडला", मी म्हटलं थांब, ढवळत राहा. बर्फ संपला आणि आकडा भराभर वर चढायला लागला, तेव्हा तिनेच विचारलं की मग इतका वेळ उष्णता गेली कुठं?

ती गेली कणांची पकड सैल करण्यात. 1 ग्रॅम बर्फाचं पाणी व्हायला 80 कॅलरी लागतात, म्हणजे जेवढ्यात तेच पाणी शून्यापासून 80 अंशापर्यंत तापलं असतं तेवढ्या. तसंच तापवत राहिलात तर पाणी उकळताना आकडा परत अडतो, आपल्याकडे 99 च्या जवळ, कारण नागपूर समुद्रसपाटीपासून 300 मीटरच्या वर आहे आणि हवेचा दाब थोडा कमी. उकळताना हात मोठ्यांचाच.

वायूसाठी बिनसुईची सिरिंज पुरे. तोंड बोटाने दाबून आधी हवा दाबा, मग पाणी भरून दाबा, हवा आत दबते आणि पाणी ऐकत नाही, कारण हवेच्या कणांमधे मोकळी जागा खूप असते.

कापूर मात्र थेट वाफ होतो. डबीत दोन वड्या टाकून झाकण लावा, डबी गरम पाण्यात ठेवा, झाकणावर बर्फ, अर्ध्या तासाने आतून पांढरे कण चिकटलेले दिसतील. जवळ आग नको, खिडकी उघडी ठेवा आणि पोरांना तोंडात घालू देऊ नका.

मग पोरांना कूलरपाशी न्या. 1 ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला कूलरच्या तापमानाला 580 च्या आसपास कॅलरी लागतात आणि त्या कूलरच्या ओल्या ताटीतून (गवताच्या जाळीतून) जाणाऱ्या हवेतूनच निघतात, म्हणून नवतपात (ऐन उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत) बाहेर 45 असलं तरी खोलीत बसवतं. खिडकी थोडी उघडी हवीच, नाहीतर ओली हवा आतच कोंडते आणि वाफ होणं मंदावतं. जुलैत तोच कूलर चिकचिक करतो, हवेत आधीच वाफ भरलेली असते ना, तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा लावा आणि असं का केलं ते पोरालाच सांगू द्या.