घसरलेल्या स्कूटरच्या क्लचची दुरुस्ती

गेल्या पावसाळ्यात इंदूरला राजवाड्याजवळ माझी स्कूटर डाव्या अंगावर आपटली. वरवर फक्त बेल्ट आणि क्लच झाकणारे कव्हर खरचटले होते, पण त्यानंतर गाडी सुटताना थरथरू लागली आणि जळक्या रबराचा वास येऊ लागला. कव्हर उघडल्यावर कारण दिसले: आत दबलेली त्याची कड पुढच्या पुलीच्या (बेल्ट फिरवणाऱ्या चाकाच्या) पंख्याला घासून दोन पाती तुटली होती आणि त्यांचा नखाएवढा तुकडा इंजिनची ताकद मागच्या चाकाकडे नेणाऱ्या बेल्टच्या कडेत रुतून बसला होता.

सुटे भाग आणण्यापूर्वी क्रँकशाफ्ट, म्हणजे पुढची पुली ज्यावर बसते तो इंजिनचा फिरता दांडा, तपासणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण तो वाकलेला असेल तर नवा बेल्टही फार काळ टिकत नाही. डायल गेज (बारीकसा वाकडेपणाही काट्याने दाखवणारे मापक) टेकवून शाफ्ट हाताने सावकाश फिरवला. काटा जवळजवळ हलला नाही, तेव्हा जीव भांड्यात पडला.

मागच्या क्लचचा मोठा नट मात्र स्प्रिंग घट्ट दाबून धरूनच सोडवावा, कारण ती उसळून चेहऱ्यावर येऊ शकते. क्लचचे शूज (घर्षणाने पकड घेणाऱ्या पट्ट्या) आणि ते ज्याला आतून पकडतात तो ड्रम शाबूत होते. बेल्ट, पंख्याची पुली आणि कव्हर नवे बसवले, पुल्यांवर ग्रीसचा अंशही राहू दिला नाही आणि नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळले. आता गाडी चढावरही न थरथरता सुटते.